पाळणाघराचा खरा खर्च आणि नोकरदार आईबाबांच्या हक्काचे पैसे

पाळणाघराची चौकशी करायला गेलेले आईबाबा पहिला प्रश्न विचारतात तो महिन्याच्या फीचा. तो एक आकडा घेऊन घरी येतात, आईच्या पगारातून वजा करतात आणि उरलेल्या रकमेकडे बघून म्हणतात, "एवढ्यासाठी कशाला धावपळ?" ही वजाबाकी दोन्ही बाजूंनी चुकलेली असते. फी हा खर्चाचा फक्त एक भाग आहे आणि हातात येणारा पगार हा नोकरीतून मिळणाऱ्या मोबदल्याचा फक्त एक भाग. शिवाय बाळ दोघांचे असताना सांभाळण्याचा खर्च एकट्या आईच्या पगाराला लावायचा, हे आधी थांबवायला हवे.

खाली जे दिले आहे ते महाराष्ट्रात राहून नोकरी करणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. क्रम मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी मुदतीशी बांधलेल्या आहेत. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर चौकशी सुरू केली तर अर्ध्या वाटा बंद झालेल्या असतात.

पहिली पायरी: खर्च वर्षाचा मांडा

महिन्याचा हिशेब फसवा असतो. दिवाळीची सुट्टी, बाळाचा ताप, वार्षिक प्रवेश फी हे सगळे वर्षात येते, एखाद्या महिन्यात दिसत नाही. म्हणून कागदावर बारा महिन्यांचा हिशेब करा. खालचे आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत, तिथे आपापले टाका.

मासिक फी ९,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,०८,०००. दरवर्षी घेतली जाणारी प्रवेश फी ६,०००. ऑफिसातून निघायला उशीर झाला की लागणारे जादा पैसे महिन्यातून चार वेळा २०० प्रमाणे, वर्षाला ९,६००. बाळाला सोडण्या-आणण्यासाठी पडणारा वळसा, रिक्षा किंवा पेट्रोल, महिन्याला १,२०० धरले तर १४,४००.

आता राहिले ते दिवस, जे जवळपास प्रत्येक जण विसरतो. पाळणाघर बंद आहे पण तुमचे ऑफिस चालू आहे, असे वर्षात दहा दिवस धरा. बाळ आजारी आहे म्हणून पाळणाघर घेत नाही, असे पंधरा दिवस धरा. पहिल्या वर्षात मुले एकमेकांकडून सर्दी-खोकला घेतातच, त्यामुळे हा आकडा कमी धरू नका. एकूण पंचवीस दिवस. त्यातले बारा दोघांच्या पगारी रजांमधून निघाले, तर उरलेल्या तेरा दिवसांसाठी कोणाला तरी दिवसाचे ७०० रुपये देऊन बोलवावे लागेल: ९,१०० रुपये.

बेरीज १,४७,१००. महिन्याला १२,२५८ रुपये. नऊ हजारांचे पाळणाघर प्रत्यक्षात सव्वाबारा हजारांचे आहे.

डायपर, दूध, औषधे या हिशेबात धरायची नाहीत. तो खर्च बाळ घरी असले तरी होतोच. पाळणाघरात ठेवायचा कपड्यांचा जादा जोड, दुसरी बाटली, दुसरे पांघरूण एवढेच एकदा धरा.

दुसरी पायरी: नोकरी सोडण्याची खरी किंमत काढा

समजा आईच्या हातात ३२,००० येतात आणि बाबांच्या ४५,०००. बाळ सांभाळण्याचे १२,२५८ रुपये एकट्या आईच्या पगाराच्या ३८ टक्के आहेत, घराच्या एकूण मिळकतीच्या मात्र १६ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पण घरभाडे, किराणा, कर्जाचा हप्ता हे सगळे आपण घराच्या मिळकतीशी ताडून बघतो, मग हा एकच खर्च वेगळा का?

आता आईने नोकरी सोडली तर काय होते ते पाहा. ३२,००० जातात, १२,२५८ वाचतात, म्हणजे महिन्याला १९,७४२ चा खड्डा. तिचे मूळ वेतन १८,००० असेल आणि पीएफ त्यावर कापला जात असेल, तर मालकाच्या हिश्श्याचे १२ टक्के, म्हणजे २,१६० रुपयेही बंद होतात. एकूण २१,९०२. बाळ शाळेत जाईपर्यंत तीन वर्षे धरली तर ७,८८,४७२ रुपये, आणि यात एकही पगारवाढ धरलेली नाही.

याशिवाय तीन गोष्टी तपासा, त्या हिशेब फिरवू शकतात.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, सलग पाच वर्षांची सेवा लागते. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची बेरीज, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे असा हिशेब असतो. १८,००० वेतनावर पाच वर्षांचे ५१,९२३ होतात. प्रसूती रजेचे २६ आठवडे सलग सेवेत धरले जातात, त्यामुळे साडेचार वर्षे झालेली असताना राजीनामा देऊन टाकणे म्हणजे हातची रक्कम सोडणे. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षे झालेल्यांनी ते आठवावे. आणि पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) मर्यादेत असेल तर नोकरीबरोबर घरच्यांचे उपचारही जातात. हे शेवटचे सर्वांत कमी लक्षात येते आणि लहान मूल असलेल्या घराला सर्वांत जास्त जाणवते.

पगार १४,००० आणि सांभाळण्याचा खर्च १२,००० असेल तर पैशांचा फरक खरोखर थोडा उरतो. तिथे नोकरी सोडावी की नाही हा निर्णय घराचाच. पण त्याआधी खर्च कमी करण्याच्या ज्या वाटा पुढे दिल्या आहेत, त्या करून पाहाव्यात.

तिसरी पायरी: प्रसूती रजा, आणि तिचे आठवडे कुठे खर्च करायचे

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ हक्क तेच आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना तरतूद लागू होते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असले की झाले. कायम आहात की कंत्राटी, यावर हक्क ठरत नाही.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा. आधीच दोन मुले असतील तर १२ आठवडे. बाळ दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीतून मूल होणाऱ्या आईला बाळ हाती आल्यापासून १२ आठवडे. गर्भपात झाल्यास ६ आठवडे. गरोदरपण किंवा बाळंतपणामुळे आजारपण आले तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना.

आता खरा मुद्दा. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. घेतलेच पाहिजेत असे नाही. पूर्ण आठ आधी घेतले तर कामावर परतताना बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचे असते. बरीच पाळणाघरे सहा महिन्यांच्या आतले बाळ घेत नाहीत. मग मधल्या पावणेदोन महिन्यांसाठी बिनपगारी रजा किंवा घरी पूर्णवेळ बाई, म्हणजे पुन्हा मोठा खर्च. तब्येत साथ देत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर रजा शक्य तितकी उशिरा सुरू करा. प्रवास झेपत नसेल तर शेवटचे काही आठवडे घरून काम मागून पाहा. मात्र तब्येतीवर ताण देऊन आठवडे वाचवू नका, ते वाचलेले आठवडे आजारपणात जातात.

अर्ज लेखीच द्या. त्यात रजा सुरू होण्याची तारीख, अपेक्षित प्रसूतीची तारीख, रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नसल्याचे आणि तुमच्या वतीने पैसे कोणी घ्यायचे त्या व्यक्तीचे नाव लिहा. सोबत डॉक्टरांचा दाखला. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम दाखला दिल्यावर आगाऊ मिळायला हवी आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या नेहमीप्रमाणे महिन्याच्या पगारातून देतात. पैसे वेळेवर येत असतील तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण "रजा संपवून परत या, मग एकदम देऊ" असे कोणी म्हणाले तर ते बेकायदा आहे. मालकाकडून मोफत वैद्यकीय सेवा मिळत नसेल तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही मागा. रक्कम लहान आहे, म्हणूनच ती मागायची राहून जाते.

परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या मधल्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळतो. पाळणाघर जवळ असेल तर उत्तम. दूर असेल तर दूध काढून ठेवायला स्वच्छ, बंद खोली आणि फ्रीज यांची मागणी याच हक्काच्या आधारे करा.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल (कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के), तर २६ आठवड्यांचे पैसे मालकाकडून नव्हे, ईएसआय महामंडळाकडून येतात. त्यासाठी मागच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांचे अंशदान भरलेले लागते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. अडचण येते ती इथे: मालकाने पैसे कापले पण भरलेच नाहीत, किंवा नाव-जन्मतारीख आधारशी जुळत नाही. गरोदरपण कळताच ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने अंशदानाचे दिवस तपासा. दुरुस्तीला वेळ लागतो आणि तो वेळ तेव्हाच तुमच्या हाताशी असतो.

वडिलांसाठी खासगी क्षेत्रात कायद्याने ठरवलेली पितृत्व रजा नाही. कंपनीचे धोरण पाहा. असेल तर ती बाळंतपणाच्या आठवड्यात सगळी संपवू नका. तेव्हा घरात माणसे असतात. आई कामावर रुजू होते त्या आठवड्यासाठी निम्मी राखून ठेवायला कंपनी परवानगी देते का, हे विचारा. बाळाला पाळणाघराची सवय होण्याचे ते पहिले दिवस असतात आणि तेव्हा दुपारी बाराला फोन येतोच.

चौथी पायरी: कंपनीकडे पाळणाघर मागा

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आहे. इथे सर्वांत मोठा गैरसमज असा की पन्नास स्त्रिया लागतात. नाही, एकूण कर्मचारी मोजायचे. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता येते, विश्रांतीची वेळ धरून. कंपनीने स्वतःच्या इमारतीत पाळणाघर उघडलेच पाहिजे असे नाही. नव्या संहितेनुसार सरकारी, पालिकेचे, खासगी किंवा संस्थेचे पाळणाघर वापरता येते, शेजारच्या कंपन्या मिळूनही एक चालवू शकतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अंतर कामाच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत असावे असे सुचवले आहे.

मागणी करताना "आम्हाला पाळणाघर हवे" एवढेच लिहिले की फाइल पडून राहते. त्याऐवजी असे करा. सहा वर्षांखालील मुले असलेल्या सहकाऱ्यांची यादी करा, वडिलांनाही त्यात घ्या. मुलांची वये, कामाच्या वेळा, सध्या भरत असलेली फी लिहा. ऑफिसजवळच्या दोन-तीन पाळणाघरांकडून एकत्रित मुलांसाठी दरपत्रके आणा. मग एचआरला ई-मेल करा: कायद्याची तरतूद ही, मुले एवढी, जवळची सोय ही, खर्च एवढा. तयार प्रस्ताव नाकारणे अवघड असते. कंपनीने थेट पाळणाघराशी करार करून फी भरली तर बहुधा दरही उतरतो.

एचआरने फीऐवजी पगारात भत्ता देऊ केला तर तो करपात्र धरूनच हिशेब करा, म्हणजे नंतर धक्का बसत नाही. लेखी मागणी करूनही काहीच हालचाल नसेल तर सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. कर्मचाऱ्यांची संख्या, ई-मेलच्या प्रती आणि तारखा जोडा. तोंडी झालेल्या बैठकांना तिथे काही वजन नसते.

पाचवी पायरी: सरकारी नोकरीत असाल तर

केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे, वडिलांना १५ दिवसांची. बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत ७३० दिवस, मोठ्या दोन हयात मुलांसाठी, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार, पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के. एकल पालक असलेल्या पुरुषांनाही ती मिळते. एका वर्षात तीनदाच घेता येते, एकल आईला सहादा, आणि एका वेळी किमान पाच दिवस. त्यामुळे पाळणाघराच्या एका दिवसाच्या सुट्टीला ती उपयोगी नाही. तिथे किरकोळ रजा वापरा आणि ही रजा आजारपण, पाळणाघर बदलण्याचा काळ, पुढे परीक्षा यांच्यासाठी राखा. मंजुरीआधी रजेवर गेलात तर ती गैरहजेरी धरली जाऊ शकते.

मुलांचा शिक्षण भत्ता १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक मुलामागे महिना २,८१२.५० रुपये आहे, दिव्यांग मुलासाठी दुप्पट. शैक्षणिक वर्ष संपल्यावर शाळाप्रमुखांच्या प्रमाणपत्रावर वर्षातून एकदा मिळतो. दोघेही केंद्र सरकारी नोकरीत असतील तर एकालाच. महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी बालसंगोपन रजा सेवाकाळात १८० दिवस आहे, तीही मूल १८ चे होईपर्यंत.

सहावी पायरी: पगारी रजा मिळत नाही त्यांच्यासाठी

घरकाम, शेतमजुरी, छोटे दुकान, स्वतःचा धंदा करणाऱ्या आईला वरचे बरेच काही लागू होत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे: पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत (३,००० आणि २,०००), दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. पहिला हप्ता गरोदरपणाची नोंदणी आणि सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाल्यावर, दुसरा जन्मनोंदणी आणि बाळाच्या लसीकरणाचा पहिला टप्पा झाल्यावर. कायद्याने पगारी प्रसूती रजा मिळणाऱ्यांना आणि सरकारी कर्मचाऱ्यांना ही योजना नाही. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे कार्ड अशा निकषांपैकी एक तरी पुरावा लागतो. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे.

हे पैसे अडकण्याची कारणे ठरलेली आहेत. आधार माहेरच्या नावाने आणि बँक खाते सासरच्या नावाने. खाते नवऱ्याचे दिलेले. किंवा खाते आईचेच, पण आधारशी जोडलेले नाही, किंवा आधार भलत्याच जुन्या खात्याला जोडलेले असल्याने पैसे तिकडे जमा झालेले. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन "थेट लाभ कोणत्या खात्यात येतो" एवढे विचारून घ्या.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल (मागच्या वर्षात ९० दिवस काम, वय १८ ते ६०), तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये मिळतात. नोंदणी नवऱ्याची असली तरी पत्नीसाठी मिळतात. नोंदणी चालू असणे महत्त्वाचे. नूतनीकरण राहिले म्हणून अर्ज बाद होतात आणि बाळंतपण झाल्यावर मागची तारीख आणता येत नाही.

१ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी, पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड आणि १ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर लेक लाडकी योजना आहे: जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००.

रोजच्या सांभाळण्यासाठी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडी मोफत आहे, आहारासकट. पण ती काही तासांचीच. पूर्ण दिवस कामावर जाणाऱ्या आईला दुपारनंतरची सोय लागतेच. केंद्राच्या पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवतात. आपल्या भागात आहे का हे एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात विचारा. असेल तर ते हातचे घालवू नका.

सातवी पायरी: आयकर

मुलाच्या शिक्षण फीवरची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे (पूर्वीचे कलम ८०सी, एकूण मर्यादा १.५ लाख). पाळणाघराच्या फीवर ती मिळत नाही. मात्र प्लेग्रुप, नर्सरी आणि त्यापुढच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या फीवर दोन मुलांपर्यंत मिळते. देणगी, विकास निधी, बस, जेवण यांवर नाही. आता बऱ्याच ठिकाणी एकाच छताखाली सकाळी नर्सरी आणि दुपारी पाळणाघर असते आणि पावती एकच मिळते. तिथे शिक्षण फीची वेगळी पावती वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्या. मार्चमध्ये मागितली तर कोणी हिशेब फोडून देत नाही.

त्यासाठी जुनी करप्रणाली निवडावी का? फक्त एवढ्यासाठी, बहुतेक वेळा नाही. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, पगारदाराला प्रमाणित वजावटीसह १२.७५ लाखांपर्यंत. त्याखाली पगार असेल तर पावत्या जपण्याची गरजच नाही. वर असेल आणि घरकर्ज, घरभाडे, पीएफ असे सगळे मिळून वजावट मोठी होत असेल, तेव्हाच दोन्ही प्रणालींचा हिशेब करून पाहा. पती-पत्नींनी वेगवेगळी प्रणाली निवडली तरी चालते. जुनी निवडणाऱ्याने शाळेची फी स्वतःच्या खात्यातून भरावी.

आठवी पायरी: पाळणाघर, बाई की आजी

घरी येणारी बाई महाग वाटते, पण दोन मुले असतील तर गणित बदलते: पाळणाघराची फी मुलागणिक असते, बाईचा पगार एकच. तिचा खर्च धरताना दिवाळीचा एक पगार, आठवड्याची सुट्टी, चहा-जेवण आणि एजन्सीचे कमिशन धरा. खाडे ही इथली मुख्य जोखीम आहे. महिन्याच्या दोन पगारी सुट्ट्या आधीच ठरवून दिल्या की न सांगता होणारे खाडे कमी होतात. आजारी माणसाचा पगार कापल्यावर ती ताप अंगावर घेऊन बाळाजवळ येते, म्हणून तो कापू नये. सोसायटीतल्या दोन घरांनी मिळून एक बाई ठेवणे ही आम्हाला सर्वांत उपयोगी वाटणारी वाट आहे. मात्र बाळे कोणाच्या घरी राहणार, एक आजारी पडले तर दुसऱ्याचे काय, एका घराने मध्येच सोडले तर किती दिवसांची सूचना, हे लिहून ठेवा. पगार एकट्या बाळाच्या दरापेक्षा जास्त द्यायला हवा, कारण काम दुप्पट नसले तरी जबाबदारी दुप्पट आहे.

आजी-आजोबा सांभाळतात तिथे खर्च शून्य नसतो. गावाहून येणे-जाणे, त्यांची औषधे, मोठे घर घ्यावे लागले तर भाड्यातला फरक. आणि दहा तास धावत्या बाळामागे राहणे साठीच्या माणसाला झेपत नाही. अर्धा दिवस पाळणाघर आणि उरलेला आजीकडे, हा मेळ बहुतेक घरांत टिकतो, खर्चही निम्म्याच्या जवळ येतो. त्याआधी पाळणाघर अर्ध्या दिवसाची खरी निम्मी फी घेते का ते विचारा. बरीच ठिकाणे सत्तर टक्के लावतात आणि मग बचत कागदावरच राहते.

कामाच्या वेळा पुढेमागे करता येत असतील तर तेही पैसेच आहेत. एकाने सात ते चार, दुसऱ्याने दहा ते सात अशी वेळ घेतली तर पाळणाघर दहा तासांऐवजी सात तासांवर येते आणि उशिराचे जादा पैसे थांबतात.

नववी पायरी: पैसे भरण्याआधी हे लिहून घ्या

छापील माहितीपत्रकात नसते ते विचारायचे. महिन्यातून दहा दिवस बाळ आले नाही तर फी पूर्ण की कमी? पाळणाघर स्वतः बंद ठेवते त्या दिवसांची यादी. उशिराचे पैसे कितव्या मिनिटापासून लागतात आणि तासावर की अर्ध्या तासावर. फीवाढ कधी आणि किती. अनामत परत मिळते का, सोडताना किती दिवस आधी सांगायचे. ताप किती असला की बाळ घेत नाहीत आणि ताप उतरल्यावर किती तासांनी घेतात. सवय होण्याच्या पहिल्या आठवड्याची फी पूर्ण लावतात का.

दोन वर्षांखालच्या किती बाळांमागे एक मावशी आहे हे दुपारी दीड-दोनच्या सुमारास स्वतः जाऊन मोजा. सकाळी सगळा स्टाफ असतो, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी किती उरतात ते महत्त्वाचे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक व्यक्ती असे प्रमाण आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी आम्ही याहून बरेच कमी असलेले ठिकाण निवडा म्हणू. स्वस्त पाळणाघर इथेच पैसे वाचवत असते. मग बाळ वारंवार आजारी पडते आणि वाचलेले हजार रुपये बिनपगारी रजेत जातात.

सहा महिन्यांची फी एकदम भरली तर दहा टक्के सूट, असा प्रस्ताव बहुतेक ठिकाणी येतो. पहिल्या तिमाहीत तो घेऊ नका. बाळाला जागा मानवत नाही हे कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि भरलेले पैसे परत मिळायला त्याहून बरेच जास्त. तीन महिने महिन्याने भरा, सगळे सुरळीत असेल तर चौथ्या महिन्यात सूट मागा. बाळ रुळलेले असते, पाळणाघरालाही ते हवे असते, तेव्हा ती मिळते.

आणि दोन महिन्यांच्या एकूण सांभाळखर्चाइतकी रक्कम, वरच्या उदाहरणात साधारण पंचवीस हजार, वेगळ्या खात्यात ठेवा. ती प्रसूती रजेच्या सव्वीस आठवड्यांत जमवायची. पाळणाघराची फी तेव्हा सुरू झालेली नसते आणि पगार येत असतो. दर महिन्याला चार हजार दोनशे बाजूला काढले की सहा महिन्यांत रक्कम तयार. मावशी अचानक गावी गेली, पाळणाघर बंद पडले किंवा कांजिण्या निघाल्या, तर राजीनाम्याचा विचार मनात येण्याआधी हाताशी दोन महिने असतात.